रघूच्या पिशवीची चंची

या, असे पुढे सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल आणि उरलेली अर्धी झोपेत. बुवा उत्तररंगाला उभे राहिले की उपरणं कमरेला आवळतात आणि समोरच्यांवरून एकदा नजर फिरवतात, तशी मी फिरवून घेतली आहे. आख्यान राजाचं नाही, ऋषीचंही नाही. एका कातड्याच्या पिशवीचं आहे. रत्नागिरीच्या एका बोळात ती उसवली गेली, बिघडली, पुन्हा शिवली गेली आणि समुद्रापलीकडे एका नवरदेवाच्या कमरेला जाऊन बसली. ऐकून झालं की तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. फार जड नाही. पण ते शेवटी.

बाजारपेठेतून मांडवीकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला एक बोळ लागतो. तोंडाशी झेरॉक्सवाला, मग पिठाची गिरण, आणि गिरणीला लागून धाकूचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली आणि मध्ये एक पडदा. पडद्यापुढे धाकू बसायचा, पडद्यामागे त्याची बायको गोदा.

धाकू पखवाज मढवणारा. पार केळशीहून माणसं एसटीत मांडीवर पखवाज घेऊन यायची, कारण धाकूने तोंडावर चढवलेली कातड्याची पुडी सप्ताह संपेपर्यंत सुरातून हलायची नाही असा लौकिक होता. त्याचा बापही हेच करायचा. बापाने मढवलेला पखवाज थेट देवापुढे जाऊन वाजायचा आणि बाप देवळाच्या पायरीखाली उभा राहून ऐकायचा. धाकूच्या वेळेपर्यंत ते दिवस सरले, देवाची कृपा. तरी गोदा कीर्तनाला गेली की अजून अगदी मागच्या खांबापाशीच बसायची. उठवणारं कोणी उरलं नव्हतं, पण अंगात मुरलेलं पुढे सरकू देत नव्हतं.

पखवाजाच्या जोडीला कमावलेल्या कातड्याचं कामही चालायचं. पट्टे, पिशव्या, पाकिटं. तीन वर्षांपूर्वी ऐन शिमग्यात धाकूचं उजवं अंग गेलं. पाय काठीच्या आधाराने परत आला, हात आला नाही. दिसायला हात होता तसाच, पण टाचणी टोचली तरी त्याला कळायचं नाही. पखवाज ताणायला दोन्ही हातांचं बळ लागतं, तेव्हा ते काम बंद झालं. पिशव्या-पट्टे मात्र चालू राहिले. लोक म्हणत, "धाकू एका हाताने काय काम करतो बघा." कसं करतो ते फक्त पडद्याला ठाऊक होतं.

गोदा थकली होती. आजारी नव्हती, डॉक्टरला दाखवावं असं एक काही नव्हतं. नुसती थकली होती. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत आणि एकदा मिटली की उघडायची नाहीत. भोकं पाडायची आरी धरून धरून अंगठ्याचं पेर वाकडं झालं होतं. सुईत दोरा ओवायला ती गिरणीवाल्याच्या बायकोला, मैनेला, हाक मारायची. मुलगी दिशा पनवेलला होती, ती दर रविवारी फोनवर म्हणायची, "आई, पुरे करा गो आता." धाकू आधी गणपतीपर्यंत म्हणाला, मग दिवाळीपर्यंत. शेवटी देवदिवाळीला गोदाने तुळशीची माळ त्याच्या डाव्या हातात ठेवली आणि वदवून घेतलं, की हातातलं संपवायचं आणि नवं काम धरायचं नाही.

त्याला आठ दिवस झाले नसतील, आणि ईशा आली.

सकाळची वेळ. खांद्याला जुनी पिशवी लावलेली एक तिशीची मुलगी दुकानाच्या फळीशी येऊन उभी राहिली.

"धाकूकाका, ओळखलंत काय?"

धाकूने मान वर केली. "नाक वळखीचा वाटतो."

"पूर्णगडच्या रघू खलाशाची मी. ईशा."

"अगो बायो! रघूची? म्हनून म्हटलं, ह्यो नाक मी कुठे बघितलाय! बस, बस. बापूस कसा हाय? किती वर्षं झाली, फिरकला न्हाय."

"बाबा गेले, काका. दोन वर्षं झाली."

गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत राहिला. मग ईशाने खांद्यावरची पिशवी काढून फळीवर ठेवली. म्हशीच्या कमावलेल्या कातड्याची, रंगाने भिजलेल्या जांभ्यासारखी. झाकणाला पितळी खटका. खटक्याच्या वर अंगठ्याएवढा काळा डाग, तेलाने आणि घामाने पडलेला.

"ही तुम्हीच करून दिलेली."

"पयल्यांदा बोटीवर चढला तवा," धाकू डाव्या हाताने पिशवी चाचपत म्हणाला. "शहाऐंशी साल. म्हनाला, धाक्या, दर्याचं पानी लागलं तरी फाटता नये."

"फाटली नाही. पस्तीस वर्षं सगळ्या दुनियेत फिरली." ईशाने खटका दाबला. खट्! "बाबा बोटीवरून घरी आले की आधी हा आवाज यायचा. मग चॉकलेट निघायचं. आम्ही चॉकलेटपेक्षा आवाजालाच धावायचो."

मग तिने काम सांगितलं. ती स्कॉटलंडला एका इस्पितळात नर्स होती. एप्रिलमध्ये तिचं लग्न होतं, तिथल्याच मुलाशी. कॅलम त्याचं नाव. तिने मोबाइल पुढे धरला. फोटोत एक उंच, लालसर केसांचा पोरगा उभा होता, अंगात कोट आणि कमरेखाली चौकड्यांचा चुण्यांचा घागरा.

धाकूने मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "बायो, हा नवरा की नवरी?"

"नवरा हो! त्याला किल्ट म्हणतात. लोकरीचा असतो. तिकडे लग्नाकार्यात पुरुष हेच नेसतात. त्याला खिसा नसतो, म्हणून पुढे ही पिशवी बांधतात. स्पोरन."

"म्हंजे चंची की! आमचा आजा पानतंबाखूची बांधायचा तशी."

"तशीच. फक्त बाजूला नाही, अगदी मधोमध."

"मधोमध!" धाकूने मान हलवली. "बायो, एक सांगतो. जावयाला पूर्णगडच्या किल्ल्यावर न्हेऊ नको हां. तितला वारा वाईट."

ईशा खळखळून हसली. पडद्यामागे गोदानेही पदर तोंडाला लावला. पण लगेच ईशाचा आवाज खाली आला, तशी गोदाची सुई थांबली.

"तिकडे बाप मुलीचा हात धरून तिला नवऱ्यापर्यंत चालत नेतो. बाबांनी कबूल केलं होतं, येईन म्हणून. कोट शिवून घेतो म्हणाले होते. आता ते नाहीत. त्यांचे कपडे आईने वाटून टाकले, घड्याळ भावाकडे गेलं. माझ्याकडे त्यांचं एवढंच आहे. ह्या पिशवीतून स्पोरन करून द्याल? म्हणजे त्या दिवशी मांडवात त्यांचं काहीतरी असेल. मी चालत जाईन ते त्याच्याकडेच."

"दिला."

"काका, पण तुमचा हात..."

"हाताला काय झालंय? आखडलाय जरासा."

"चुकलं तर दुसरी पिशवी नाही माझ्याकडे."

"चुकनार न्हाय. धाकूकडे आलीस ना? पंधरा दिवसांनी ये."

"सोळाव्या दिवशी माझं विमान आहे," ईशा म्हणाली. फोटो, मापं, सगळं देऊन ती गेली. जाताना पिशवीवरून असा हात फिरवला की गोदाने पडद्याच्या फटीतून नजर काढून घेतली.

ती गेल्यावर गोदा पुढे आली.

"माळ हातात घेतली होतीत."

"रघूची पोर ती, गोदा."

"रघूची पोर ती. आनि मी कुनाची कोन?"

"ह्यो शेवटचा."

"मागला पन शेवटलाच होता. त्याच्या आदला पन." गोदा पिशवी उचलून आत गेली. भांडायलाही बळ लागतं.

उजेडाला धरून तिने पिशवी नीट पाहिली, आणि मग बराच वेळ नुसतीच धरून बसली. गोदा डावरी. दोन सुयांनी टीप मारताना तिचा टाका किंचित डावीकडे कलतो, उभं भात वाऱ्याने कलावं तसा. ह्या पिशवीचा प्रत्येक टाका कललेला होता. लग्न होऊन ती ह्या बोळात आली त्याच वर्षी धाकूने पिशवी कापली आणि तिने शिवली. एकोणीस वर्षांची होती. रघू न्यायला आला तेव्हा खटका चारचारदा वाजवून म्हणाला होता, "धाक्या, काय हात हाय रे तुजा!" धाकू हसला होता. पडद्यामागे तीही हसली होती, कारण तेव्हा हात दुखत नव्हते.

पहिले पाच दिवस उसवण्यात गेले. एकेक टाका आरीच्या टोकाने उचलायचा, कापायचा, ओढायचा. घाई केली तर कातडं भोकाभोकाशी फाटतं. अस्तर निघालं तशी आतली खूण दिसली. धाकूच्या घराण्याची ती रीत. पखवाजाचं खोड मढवण्याआधी आतल्या अंगाला आरीने मढवणाऱ्याची खूण कोरायची. वर पुडी चढली की ती झाकली जाते, आणि पुढे कधी दुसरा कोणी पुडी उतरवेल तेव्हाच उजेडात येते. पिशव्यांना तीच खूण अस्तराखाली. धाकूची खूण म्हणजे उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर एक ठिपका. गोदाची खूण नव्हतीच. ती पखवाज मढवत नसे, मग तिला खूण कशाला?

झेरॉक्सवाल्याकडून फोटो मोठा करून आणला. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप बेतलं. सहाव्या दिवशी दुपारी पिशवीचे सगळे तुकडे सुटे झाले. झाकण आणि खांद्याचा पट्टा तेल लावून तिने दारामागच्या खिळ्याला अडकवले. पाठ, पोट आणि बाजूच्या पट्ट्या फळीवर मांडून त्यांवर खडूने रेघा मारल्या. उद्या रापी चालवून कातडं कापायचं. एवढं होतंय तोच मैनेची हाक आली.

"गोदाकाकी, येताव ना? चार वाजले. बुवा उभे ऱ्हायले असतील."

सप्ताह चालू होता. गोदाने हात धुतले आणि निघाली. खरं सांगायचं तर हल्ली ती कीर्तनाला झोपायला जायची. हसू नका. घरी पडलं की काम हाक मारतं. मागच्या खांबाला पाठ लावून बसली की टाळ, पेटी, बुवांचा आवाज हे सगळं गोधडीसारखं अंगावर यायचं आणि तिचे डोळे मिटायचे. तिथे तिच्याकडे कोणाला काही मागायचं नसे. आख्यान संपून आरतीला सगळे उठले की तीही उठायची आणि मैनेला विचारायची, "मग काय झालं गो पुढे?" मैना घरी येईपर्यंत तिला गोष्ट सांगायची. ज्याच्या दारात इतकी निवांत झोप लागते, त्या देवाला काय तिचा राग येणार आहे?

त्या दिवशी मात्र तिला मध्येच जाग आली. कशाने, ते तिला डोळे उघडण्याआधीच कळलं. पखवाज उतरला होता. थाप पडत होती, पण आवाज ओल्या मडक्यासारखा येत होता. वाजवणारा ताण वाढवायला कडेचे लाकडी गठ्ठे ठोकत होता, पुडी काही वर येत नव्हती.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. मिस्कील माणूस. म्हणाले, "मागच्या खांबापाशी रोज कोणाला तरी झोप लागते. आज ती पुढे पखवाजापर्यंत पोचली वाटतं!"

सगळे हसले. गोदाही हसली. तिच्या मनात एवढंच आलं, की ह्यांच्या हातची पुडी असती तर उतरली नसती. देवळावरच्या कर्ण्यातून तो आवाज बाजारपेठभर जात होता. तो आणखी कुठे जात असेल, हे काही तिच्या मनात आलं नाही.

प्रसादाचा सुंठवडा पुडीत बांधून ती परतली. बोळात शिरताच तिला धाकू दारात दिसला. तीन वर्षांत पाहिलं नव्हतं असं त्याचं तोंड उजळलं होतं.

"ऐकलास? उतरला पखवाज! कुनी मढवला कुनास ठाऊक. आता येतील बघ घेऊन. उद्या सकाळी कीर्तन, म्हंजे आजच पुडी चढवाया हवी. मी कातडं भिजत घातलं."

"कुठलं कातडं?"

"फळीवरचं."

आत बादली होती. बादलीतून वाफ येत होती. पखवाजाचं कातडं कच्चं असतं, ते पाण्यात नरम करावं लागतं. पन्नास वर्षं धाकूने सप्ताहाच्या दिवसांत हेच केलं होतं. वेळ थोडा असला की पाणी कोमट घ्यायचं, कातडं लवकर खुलतं. आज त्याने न्हाणीच्या चुलीवरचं पाणी घेतलं होतं, आणि कोमट आहे का ते बघायला जुन्या सवयीने उजवा हात घातला होता.

गोदाने बादलीत पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. हात मनगटापर्यंत लालबुंद होता, बोटांवर फोड उठले होते आणि धाकूला त्याचा पत्ता नव्हता.

ती ओरडली नाही. तिने तो हात धरून मोरीवर नेला आणि माठातलं गार पाणी त्याच्यावर ओतत राहिली. माठ रिकामा झाला तेव्हा म्हणाली, "आवो, ती रघूची पिशवी होती."

धाकू तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून पखवाज हळूहळू खाली उतरला, आणि मग काहीच उरलं नाही.

"कमावलेलं होतं ता," तो पुटपुटला.

"व्हय."

"कमावलेलं गरम पान्यात..."

"व्हय. चला, हात दाखवून येऊ डॉक्टरला."

पखवाज घेऊन कोणी आलं नाही. देवळाने दुसरीकडून मागवून घेतला असावा.

दुसऱ्या दिवशी सावलीत वाळलेले तुकडे गोदाने काढले. ते दोन-दोन बोटं आत आले होते, कडांनी वळले होते, वाळक्या बोंबलासारखे कडक. वाकवला की तडा जायचा. तिने मेण चोळलं, तेल चोळलं, काही होणार नाही हे ठाऊक असून चोळलं. धाकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मलमपट्टी केलेला हात पोटावर. त्या दिवशी दुकानाची फळी कोणी लावली नाही.

"तिला फोन करूया," गोदा म्हणाली.

धाकूने पांघरूण डोक्यावर ओढलं.

"झाकान आनि पट्टा वाचलाय. पन त्यात पिशवी व्हनार न्हाय. पाठ-पोट कशाचं लावू? नवं कातडं लावलं तर ठिगळ दिसंल. आवो, ऐकताव काय?"

"ऐकतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाला आतल्या खोलीत खणखणाट ऐकू आला. जाऊन पाहते तर धाकूने भिंतीवरची त्याची हत्यारांची पिशवी डाव्या हाताने उतरवून जमिनीवर उलटी केली होती. आऱ्या, रापी, ठोकळा, बापाच्या वेळची गठ्ठे ठोकायची हातोडी, सगळं सांडलं होतं. रिकामी पिशवी त्याने तिच्यापुढे धरली.

"त्याच म्हशीचं कातडं. रघूची कापून उरलं, त्यात माजी केली. इसरलीस?"

गोदा विसरली नव्हती. तिनेच ती शिवली होती. तिने पिशवी उजेडात धरली. तोच जांभ्याचा रंग, फक्त दर्याऐवजी ह्या खोलीत पिकलेला.

"आनि हत्यारं कशात ठेवाल?"

"हत्यारं कशाला आता?" धाकू म्हणाला.

ह्याच शब्दांसाठी ती तीन वर्षं त्याच्याशी वाद घालत आली होती. ते आले तेव्हा तिला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. ती खाली बसली आणि सांडलेली हत्यारं एकेक करून मिठाईच्या खोक्यात भरू लागली.

उरले सात दिवस. पुन्हा उसवणं, पुन्हा बेतणं. धाकू आता पडद्यामागे तिच्यापाशी बसायचा. मैना दोरे ओवून एका ओळीत मांडून जायची. गोदाच्या डोळ्यांना दुपारपर्यंतच नीट दिसायचं, म्हणून ती सकाळीच टीप मारायची. रापी तिने चालवली, धाकू पुठ्ठा डाव्या हाताने दाबून धरायचा. झाकण रघूचंच, खटक्यासकट. अंगठ्याचा काळा डाग पुसायचा नाही, तो बरोबर दर्शनी यायला हवा, असं तिने आधीच ठरवलं होतं. खांद्याच्या पट्ट्यातून तीन गोंडे काढले, उरलेल्याचा कमरपट्टा केला आणि प्रत्येक गोंड्याच्या माथ्याला पखवाजाच्या काठावर असतो तसा कातड्याच्या वादीचा बारीक गजरा विणला. फोटोतल्या पिशवीला तसा गजरा नव्हता. गोदाला वाटलं, असू दे, लग्न आहे. शेवटच्या दिवशी तिची बोटं आरीभोवती मिटली ती उघडेनात. धाकूने आपल्या चांगल्या हाताने एकेक बोट सोडवलं.

"उद्या ती आली की मी सांगेन, माज्या हातनं भिजलं," गोदा म्हणाली. "तुमी गप ऱ्हावा. तुमचं नाव हाय बाजारात."

धाकू आरी पुसून खोक्यात ठेवू लागला.

ईशा आली. गोदाने फडक्यात गुंडाळलेली पिशवी फळीवर उघडली. ईशाने दोन्ही हातांनी उचलली. झाकण पाहिलं, डाग पाहिला. मग उलटी केली, आणि तिच्या भुवया जवळ आल्या. एवढी वर्षं खांद्याला लागलेली पिशवी माणूस डोळे मिटून ओळखतो.

"झाकण बाबांचं आहे. पण हे मागचं... इथे बाबांच्या पिशवीला एक ओरखडा होता. कुठे गेला?"

पडदा बाजूला झाला. गोदा पुढे आली, पदर सावरत. "बायो, चूक माजी. तुज्या बापाशीच्या पिशवीचे तुकडे माज्या हातनं गरम पान्यात..."

"खोटा बोलते ती," धाकू म्हणाला.

"आवो, गप ऱ्हावा."

"चाळीस वर्षं गपच ऱ्हायलंय." त्याने पट्टी बांधलेला हात फळीवर ठेवला. "बायो, भिजवली मी. पखवाज उतरलेला ऐकला आनि डोक्यात काय आलं कुनास ठाऊक. आनि ही शिवली हिनं. तीन वर्षं सगळं हीच शिवते. ती बापाशीची पन हिनंच शिवली होती. रघू म्हनाला, काय हात हाय तुजा. तवा मी सांगाया हवं होतं. न्हाय सांगितलं. पाठपोट आता माज्या पिशवीचं हाय, कातडं त्याच म्हशीचं. तुला न्हाय आवडलं तर तुजं बरोबर हाय."

बोळात गिरण चालू होती. ईशाने पिशवी फळीवर ठेवली.

"मला फोन करायला हवा होतात," ती म्हणाली.

"व्हय," गोदा म्हणाली. "कराया हवा होता."

"ते तुकडे? टाकलेत?"

गोदाने आतून कागदात बांधलेले आणले. ईशाने फळीवर बसून ते वळलेले, कडक तुकडे मांडीवर घेतले. ओरखड्याचा तुकडा शोधला, त्यावर बोट फिरवलं, आणि मग तिला रडू आलं. गोदा फळीवर तिच्याशेजारी बसली. ती नुसती बसून राहिली आणि ईशाचं डोकं केव्हा तिच्या खांद्यावर आलं ते दोघींनाही कळलं नाही.

काही वेळाने ईशाने नाक पुसलं, पिशवी उचलली आणि काळ्या डागावर अंगठा ठेवून खटका दाबला.

खट्!

तिने पुन्हा दाबला. पुन्हा. मग ओले डोळे तसेच ठेवून हसली. "आवाज तोच आहे."

"खटक्याला पानी न्हाय लागू दिलं," गोदा म्हणाली. लागू दिलं नाही म्हणजे काय, तो खिळ्याला होता म्हणून वाचला. पण ते आता कशाला सांगायचं?

ईशाने पट्टा कमरेला लावून बघितला, कुर्त्यावरच.

"मधोमध गो," धाकू म्हणाला. "बाजूला सरकली. चंची न्हाय ती."

तिने मधोमध घेतली. मग विचारलं, "काका, आत तुमची खूण आहे ना? बाबा सांगायचे, आत कुठेतरी असते म्हणून."

"हाय. हिनंच केली, माजी." धाकूने गोदाकडे पाहिलं. "दोन टाके काढ गो अस्तराचे."

"कशाला?"

"काढ तर. तुजी कर."

"माजी खून न्हाय."

"मग आता कर. हिचं विमान उद्या हाय, तुला इचार कराया तेवढा येळ न्हाय."

गोदाने दोन टाके सोडले, आरी घेतली आणि क्षणभर थांबली. काय कोरायचं हे तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मग तिने उभी रेघ आणि ठिपका ह्यांच्या शेजारी एकच रेघ ओढली. डावीकडे किंचित कललेली. दोन टाके पुन्हा मारले. रेघ झाकली गेली.

एप्रिलमध्ये झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर फोटो आला. हिरवी टेकडी, मागे राखाडी आभाळ, ईशा शालूत आणि तिच्या शेजारी तो लाल केसांचा जावई, घागरा वाऱ्याने एका बाजूला उडालेला. धाकू एवढा हसला की त्याला ठसका लागला. "सांगितलं होतं मी! वारा तिकडे पन वाईटच!" गोदाने जावयाचं तोंड पाहिलं नाही, शालू पाहिला नाही. मोबाइल डोळ्यांशी धरून तिने पिशवी सरळ लोंबते की नाही तेवढं पाहिलं.

"सरळ हाय," ती म्हणाली. मोबाइल परत दिला आणि भर दुपारी, तीन वर्षांत पहिल्यांदा, जाऊन पडली.

झालं आख्यान. आता माझं मागणं.

तुम्ही कुठल्याही देवळात कीर्तनाला बसाल, बुवा उभे राहतील, पखवाजावर पहिली थाप पडेल. तेव्हा देवाचं नाव घ्या, ते तर घ्यालच. थाप सुरात लागली तर मढवणाऱ्या धाकूलाही मनात रामराम करा. आणि मग एक श्वासभर गोदाला आठवा. तिची खूण बाहेरून कुठे दिसायची नाही, म्हणून आठवायला सांगतो आहे. आणि कधी मान वळवून मागे पाहिलंत, आणि शेवटच्या खांबाला टेकून ती झोपलेली दिसलीच, तर तिला उठवू नका. पुढे काय झालं ते मैना तिला घरी जाताना सांगेल.